हॉवर जमेना, आणि दोष हातांचा नव्हता

हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर धरून ठेवणं म्हणजे हॉवर. घरच्या सिम्युलेटरवर ते जमायला मला सात आठवडे लागले आणि त्यातले सहा आठवडे निव्वळ वाया गेले. त्या सहा आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, "सराव करा, जमेल." मी रोज रात्री नऊ ते साडेदहा सराव केला. जमलं नाही. मग मला वाटायला लागलं, आपल्या हातातच ते नाही.

मी भोसरीत एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करते. मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये आलं तेव्हापासून घरी सेसना १७२ हे छोटं विमान उडवत होते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडायचं, खडकवासल्याच्या पाण्यावरून सिंहगडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात बेल ४०७ आणि कॅब्री जी २ ही दोन हेलिकॉप्टरं आली. बरेच दिवस मी त्यांना हात लावला नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात ठरवलं की आता शिकायचंच, आणि पीळ देता येणारी एक जॉयस्टिक विकत घेतली. पीळ म्हणजे दांडा मनगटाने डावीउजवीकडे फिरवला की पायातल्या पेडलचं काम होतं.

सरळ पुढे उडायला मला दोन संध्याकाळी पुरल्या. साठ नॉट (ताशी सुमारे ११० किलोमीटर) वेग आला की हेलिकॉप्टर बरंचसं विमानासारखं वागतं. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याला माझं आग्रहाचं सांगणं आहे, की जमिनीवरून उचलून हॉवर करण्यापासून सुरुवात करू नका. हवेत सुरुवात करा, आधी उडा, वळा, मग हळूहळू वेग कमी करत या. अंदाजे सोळा ते चोवीस नॉटच्या दरम्यान यंत्र थरथरतं आणि बदललेलं जाणवतं. पुढे जाताना पात्यांना ताजी हवा मिळत असते, तो फायदा तिथे संपतो आणि एकदम जास्त ताकद लागते. तो टप्पा अंगात मुरला पाहिजे.

त्याच्या खाली गेले आणि मी अडकले.

हॉवरमध्ये तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. उजव्या हातात सायक्लिक, तिने पात्यांचं चक्र कलतं. डाव्या हातात कलेक्टिव्ह, तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र उचललं जातं. आणि पायात पेडल, त्यांनी शेपटीचा पंखा सांभाळायचा. यातलं एक हललं की उरलेली दोन हलवावी लागतात. कलेक्टिव्ह उचलला की इंजिनाचा जोर वाढतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून धड उलट्या बाजूला फिरू लागतं. कॅब्रीचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे नाक डावीकडे जातं आणि उजवं पेडल दाबावं लागतं. बेल ४०७ चा रोटर उलट फिरतो, तिथे डावं. शिकताना एकच हेलिकॉप्टर धरा. मी पहिल्या आठवड्यात दोन्ही आलटूनपालटून वापरली आणि पायांना काही सवयच लागली नाही.

तर माझं काय होत होतं: कॅब्री जमिनीपासून पाचसहा फूट उचलायचे, दोनतीन सेकंद बरे जायचे आणि मग नाक एकदम डावीकडे झटका मारायचं. मी पीळ देऊन सावरायचे. पीळ देताना मनगट फिरतं, मनगट फिरलं की दांडा थोडा तिरका होतो, दांडा तिरका झाला की यंत्र बाजूला सरकू लागतं. ते सावरायला जावं तर पुढचा झटका. लोहगावच्या धावपट्टीच्या कडेला मी रोज वीसपंचवीस वेळा आपटत होते. मुलगी शेजारी अभ्यासाला बसायची, तिने चौथ्या आठवड्यात विचारलं, "आई, तू हे रडत का करतेस?" मी रडत नव्हते, पण चेहरा तसा झाला असणार.

पाचव्या आठवड्यात एका रात्री मी दांडा सोडून दिला आणि विंडोजमधली गेम कंट्रोलर तपासायची चौकट उघडली. कोणीही हात लावलेला नसताना पिळाची पट्टी मधूनमधून उडी मारत होती. मधोमध असायला हवी ती एकदम चौथा हिस्सा डावीकडे आणि परत. म्हणजे तो झटका माझा नव्हता. आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडा किती फिरला ते मोजणारा भाग, खराब होता. ही चौकट मी पहिल्या दिवशी उघडली असती तर पाच आठवडे वाचले असते. कुठलंही जुनं किंवा नवं उपकरण घेतलं की पहिलं काम हे: सगळे अक्ष हात न लावता दोन मिनिटं बघा, मग प्रत्येक अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश हलवा. पट्टी कुठेही अडखळली किंवा उडाली तर उपकरण परत करा.

वॉरंटी होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या फॉर्मवर तक्रारीसाठी चार चौकोन होते: चालू होत नाही, बटण दाबलं जात नाही, वायर तुटली, इतर. मी 'इतर' वर खूण करून खाली सविस्तर लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने ते न वाचता संगणकात 'चालत नाही' असं भरलं. मी म्हटलं, अहो, चालत नाही असं नाही, पिळाचा अक्ष उडतो. "मॅडम, तो ऑप्शन नाहीये सिस्टिममध्ये." नऊ दिवसांनी फोन आला, घेऊन जा. पावतीवर लिहिलेलं: दोष आढळला नाही. कशावर तपासलं विचारलं तर म्हणाले, गाडीच्या गेमवर. गाडीच्या गेममध्ये पिळाचा अक्ष वापरलाच जात नाही!

दुसऱ्यांदा गेले ते लॅपटॉप घेऊन. चौकट उघडून दाखवली, पट्टी उडताना सगळ्यांनी पाहिली. तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, "कॅलिब्रेट करा, मॅडम." कॅलिब्रेशनने मधला बिंदू आणि टोकं ठरतात, घासलेल्या पट्टीवरून येणारा खोटा आकडा त्याने खरा होत नाही. मी दिवसभर हेच काम करते, सेन्सर आणि त्यांचे दोष. तिथे उभं राहून हे समजावताना माझा आवाज चढला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा सात दिवस, पुन्हा 'दोष आढळला नाही'. तिसऱ्यांदा मी गेले नाही. जर तुमच्यावर अशी वेळ आली तर फॉर्म भरायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात उपकरणाचा अनुक्रमांक आणि उडणारी पट्टी दोन्ही एकाच चौकटीत येऊ द्या, आणि पोच घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. मला ते सुचलं तोवर विकत घेऊन बदलून मिळण्याची मुदत संपली होती.

त्या दोन फेऱ्यांत आणखी एक गोष्ट कळली, आणि ती जास्त महत्त्वाची निघाली. दुसऱ्या वेळी जॉयस्टिक परत आणताना ती मांडीवर होती. बोटाने दांडा हळूच ढकलून पाहत होते. तो सुरुवातीला हलतच नाही, आणि मग एकदम हलतो. मधे परत आणणाऱ्या स्प्रिंगचा जोर एवढा की तो मोडून काढायला जितकं बळ लागतं, तेवढ्या बळात दांडा गरजेपेक्षा तिप्पट पुढे जातो. सेसनाला हे चालतं, कारण दांडा मधे सोडला तरी विमान बहुतेक स्थिर उडत राहतं. हॉवरमध्ये सायक्लिकची जागा मुळात मधे नसतेच. कॅब्रीचा शेपटीचा पंखा सगळं यंत्र थोडं डावीकडे ढकलत असतो, म्हणून सायक्लिक थोडी उजवीकडे धरूनच ठेवावी लागते. म्हणजे माझा हात दीड महिना सतत स्प्रिंगशी भांडत होता आणि उरलेल्या ताकदीत हेलिकॉप्टर उडवत होता. यावर सराव हे उत्तर नाही.

मग एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरून जॉयस्टिक उघडली. (वॉरंटी जाते. माझी तशीही उपयोगाची नव्हती.) मधली स्प्रिंग काढून ठेवली. दांडा लुळा पडू नये म्हणून सांध्यात घट्ट, चिकट ग्रीस भरलं, आमच्याकडे कारखान्यात गेजसाठी वापरतात तसलं. आता दांडा जिथे सोडावा तिथे राहतो आणि केसभर ढकलला तर केसभरच सरकतो. पिळाचा अक्ष सिम्युलेटरमधून पुसून टाकला. वाकडच्या एका मुलाकडून जुनी पेडल घेतली, घेण्याआधी त्याच्या घरी बसून वर सांगितलेली तपासणी केली. मुलाच्या आजीने तेवढ्यात पोहे केले.

कलेक्टिव्ह मी स्वतः केला. त्याच्यासाठी तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान मिळतं हे पुण्यात कोणाला सांगायला नको, पण दुपारी एक ते चार जाऊ नका. पोटेन्शिओमीटर मागितला तर दुकानदाराने विचारलं, "ताई, व्हॉल्यूमसाठी हवाय का?" हा प्रश्न नीट ऐका. आवाजासाठीचा पोटेन्शिओमीटर लॉग प्रकारचा असतो, तो लावला तर कलेक्टिव्ह एका टोकाला मंद आणि दुसऱ्या टोकाला आडदांड होतो. आपल्याला लिनियर हवा, दहा किलोओहमचा, त्यावर बी १० के लिहिलेलं असतं. सोबत आर्डुइनो प्रो मायक्रो, प्रोग्रॅम करता येणारा एक छोटा बोर्ड. त्याच्यावरची ३२यू४ चिप संगणकाला स्वतःची ओळख थेट जॉयस्टिक म्हणून देऊ शकते. साध्या आर्डुइनो उनोने हे इतकं सरळ होत नाही. दांडा म्हणून नळाचा पीव्हीसी पाइप, बिजागरीत फेल्टच्या चकत्या, म्हणजे हात सोडला तरी खाली पडत नाही. सिम्युलेटरमध्ये अक्षाची दिशा तपासा: वर ओढला की ताकद वाढली पाहिजे. डेड झोन, म्हणजे दांडा हलला तरी सिम्युलेटर दुर्लक्ष करतो तो मधला भाग, सगळीकडे शून्य.

पुढच्या मंगळवारी रात्री हॉवर जमला. पहिल्यांदा अकरा सेकंद, मग चाळीस, आणि त्या रात्री झोपण्याआधी पूर्ण दोन मिनिटं. मी खुर्चीतून उठून सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हलत का नाहीये?" म्हटलं, तेच तर!

उपकरण नीट झाल्यावर सराव खरोखर कामाला येतो, आणि तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. नजर नाकासमोर नको, लांब ठेवा. मी धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे बघते. आणि प्रत्येक दुरुस्ती केली की ती लगेच परत घ्या. दांडा हलला की आधी चक्र कलतं, मग धड कलतं, मग यंत्र सरकतं. सरकताना दिसेपर्यंत थांबलात तर तुमची दुरुस्ती दुप्पट झालेली असते. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सायक्लिक आणि शेपटीच्या पंख्यासाठी मदत चालू करता येते. पायांचं जमेपर्यंत ती ठेवायला हरकत नाही, पण एकेक करून बंद करा.

हेलिकॉप्टर बनवणाऱ्या इगोर सिकोर्स्कींचं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा १४ सप्टेंबर १९३९ ला जमिनीवरून उचललं गेलं तेव्हा ते दोरांनी बांधलेलं होतं आणि काही सेकंदच वर होतं. चालवत होते ते स्वतःच. सहाव्या आठवड्यात हे मला कोणी सांगितलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

आता रविवारी सकाळी मी बेल ४०७ घेऊन सिंहगडावर उतरायचा सराव करते. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, त्यामुळे लोहगावपेक्षा कलेक्टिव्ह वर ठेवावा लागतो. वेग मेलेला असताना मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जोरात खाली येऊ नका. यंत्र स्वतःच्याच ढकललेल्या हवेत बुडतं आणि कलेक्टिव्ह ओढला तर आणखी बुडतं. नाक खाली घालून पुढे वेग घेतला की सुटका.

एक राहिलं: पेडलखाली रबरी मॅट घाला. फरशीवर ती पुढे सरकतात, आणि आपल्याला वाटतं पाय चुकतोय.