नायट्रसचं टायमिंग: आधी शून्य खरं करा

इंजिनात नायट्रस (जादा ऑक्सिजन देणारा गॅस) सोडला की ५० हॉर्सपॉवरमागे ठिणगीचं टायमिंग साधारण २ अंश मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडायची, हे इंदूरमधल्या ट्यूनरना तोंडपाठ आहे. पण ते कशातून वजा करायचं हे तपासून द्यायला मला एकही वर्कशॉप मिळालं नाही. "अहो, लॅपटॉपवर २८ दिसतंय, २६ करून टाकू." या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. लॅपटॉपवर असतो तो ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, हुकूम. ट्रिगरचा, म्हणजे क्रँकची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा, ऑफसेट ४ अंशांनी चुकला असेल तर २६ च्या जागी ३० वर ठिणगी पडते. नुसत्या पेट्रोलवर इंजिन तेवढं सोसून नेतं. नायट्रसचा जादा ऑक्सिजन मिळाला की मिश्रण झपाट्याने जळतं, पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप भडका) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचा तुटतात.

म्हणून ते काम स्वतःच केलं. क्रँकच्या पुलीवर कंपनीने केलेल्या टीडीसीच्या (पहिला पिस्टन अगदी वर, म्हणजे शून्य अंश) खुणेवर विसंबू नका. पुलीत मध्ये रबर असेल तर बाहेरची कडी जुन्या गाडीत सरकलेली असू शकते. सांवेर रोडच्या लेथवाल्याकडून जुन्या प्लगमधली पोर्सलिन काढून त्यात बोल्ट बसवून घेतला, झाला पिस्टनला वर येताना अडवणारा पिस्टन स्टॉप. बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा, स्टॉप पहिल्या सिलिंडरमध्ये लावा आणि क्रँक पान्याने हळूहळू फिरवा. स्टार्टर अजिबात नाही, पिस्टन फुटेल. पिस्टन टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खूण करा, उलट फिरवून टेकला की दुसरी. उलट फिरवताना क्रँकचा बोल्ट सैल होत नाही ना, बघा. दोन खुणांमधल्या लहान कमानीचा मध्य हा खरा टीडीसी. पुलीचा घेर भागिले ३६ म्हणजे १० अंश. १५० मिमी व्यासाच्या पुलीवर ते १३ मिमी भरतात. तिथे १० ची खूण करा.

स्टॉप काढून प्लग परत बसवा, ईसीयूत टायमिंग १० वर फिक्स करा आणि पुलीवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारा. कॉइल थेट प्लगवर बसत असेल तर लाइटचा चिमटा लावायला वायरच नसते. मध्ये एक एचटी (हाय टेन्शन) केबल जोडा. दोन सिलिंडरना एक कॉइल असेल तर डायलवाली (डायल फिरवून अंश मोजणारी) लाइट फसवते, साधीच वापरा. १० ची खूण पॉइंटरसमोर येईपर्यंत ईसीयूत ट्रिगर अँगल बदला. आरपीएम वाढवल्यावरही ती तिथेच राहिली पाहिजे.

पुढचं सोपं आहे. रिटार्डची (टायमिंग मागे घेण्याची) वायर सोलेनॉइडच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, रिलेवरून घ्या, सिस्टिम नुसती तयार ठेवणाऱ्या आर्मिंग स्विचवरून नको; नाहीतर गॅस सुटत नसतानाही गाडी मंद चालते. सोलेनॉइड बंद झाल्यावर टायमिंग क्षणभर उशिराच परत येऊ द्या, पाइपात गॅस उरलेला असतो. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घाला. सुरुवातीला २ नाही, ४ अंश मागे घ्या, बंद ट्रॅकवर फुल थ्रॉटलने एकदा गाडी पळवा आणि इंजिन तिथेच बंद करून प्लग बघा. प्लगच्या वाकलेल्या पट्टीवरचा रंगबदल वळणाच्या आसपास हवा. तो आट्यांकडे सरकला तर टायमिंग जास्त आहे.

आणि बाटलीचं प्रेशर: ९०० ते १००० पीएसआय. मे महिन्यात उन्हात डिकीत ठेवलीत तर ते याच्या वर जातं, गॅस जास्त सुटतो, पेट्रोल तेवढंच राहतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. अशा वेळी बाटलीवर ओलं फडकं टाका आणि गेज उतरेपर्यंत थांबा.