कोबीतलं एन्झाइम आणि प्लेटवरचा तिसरा डाग

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमला मला प्रोजेक्टला फॉस्फोलायपेज डी मिळालं, आणि मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की एन्झाइम विकत आणायचं नाही, कोबीतनं काढायचं. हनाहन आणि चायकॉफ या शास्त्रज्ञांनी १९४७-४८ च्या सुमारास गाजर-कोबीतच हे एन्झाइम दाखवलं होतं, म्हणजे पद्धत जुनी आणि पक्की. सकाळी कपिलतीर्थ मार्केटातनं दोन घट्ट गड्डे आणले, आई म्हणाली, "अरं, एवढा कोबी कुणाला घालायचाय?"

थोडक्यात सांगतो हे एन्झाइम काय करतं. पेशीच्या पडद्यातला फॉस्फोलिपिड म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या दोन फॅटी ॲसिडच्या शेपट्या आणि एक फॉस्फेटचं डोकं. प्रत्येक फॉस्फोलायपेजची कापायची जागा ठरलेली. ए-टू मधली शेपटी सोडवतं, नागाच्या आणि मधमाशीच्या विषात तेच असतं. सी फॉस्फेटच्या अलीकडं कापतं, डी पलीकडं. लेसिथिन म्हणजे डोक्यावर कोलीन असलेला फॉस्फोलिपिड, त्याच्यावर डी चाललं की कोलीन सुटतं आणि फॉस्फॅटिडिक ॲसिड मागं राहतं. बीएस्सीला हे मी नुसतं पाठ केलं होतं.

कोबी बर्फासारख्या पाण्यात मिक्सरला फिरवला, मलमलच्या कापडातनं गाळला, सेंट्रिफ्यूज केला. मग तो रस ५५ अंशाला पाच मिनिटं ठेवला, त्यात बरीच नको असलेली प्रोटीन्स गोठून खाली बसतात आणि आपलं एन्झाइम टिकतं, नंतर थंडगार ॲसिटोननं ते खाली पाडलं. सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याला कापणार ते लेसिथिन, अंड्याच्या बलकातनं. लेसिथिन हे नावच बलकाच्या ग्रीक शब्दावरनं आलंय. ॲसिटोननं कोलेस्टेरॉल, तेल धुऊन काढलं आणि उरलेला चिकट गोळा इथेनॉलमध्ये विरघळवून बाटली फ्रिजात ठेवली. ही बाटली लक्षात ठेवा.

पहिले बारा दिवस काहीच मिळालं नाही. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं आणि तेही भरपूर, म्हणून मी कॅल्शियम क्लोराइड घालायचो, आणि घातलं की ट्यूब दुधासारखी पांढरी व्हायची. मला वाटायचं लेसिथिनचंच इमल्शन आहे. तेराव्या दिवशी लेसिथिन न घालता नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कॅल्शियम टाकून बघितलं, तरी पांढरंच. बफर फॉस्फेटचा होता, सगळं कॅल्शियम फॉस्फेट होऊन तळाला बसत होतं आणि एन्झाइम उपाशी राहत होतं. त्याच दुपारी ॲसिटेट बफर केला, पीएच ५.६, वर थोडा ईथर, कारण ईथर असला की हे एन्झाइम जोरात चालतं.

संध्याकाळी वेगवेगळ्या वेळी काढलेले नमुने सिलिका प्लेटवर शेजारशेजारच्या लेनमध्ये चढवून वेगळे केले, आणि लिपिडचे डाग दिसावेत म्हणून प्लेट आयोडीनच्या बरणीत ठेवली. आधी काहीच नाही, मग खालनं पिवळट, मग तपकिरी डाग उमटत गेले. झीरो मिनिटच्या लेनमध्ये लेसिथिनचा जाड डाग, तीस मिनिटच्या लेनमध्ये तो बारीक झालेला आणि वर फॉस्फॅटिडिक ॲसिडचा नवा. मी बरणीजवळनं हललोच नाही. पण त्याच्याही वर अजून एक डाग होता, आणि तो झीरो मिनिटला नव्हता.

मॅडमनी प्लेट उजेडाकडं धरली आणि एवढंच विचारलं, "यात इथेनॉल कुठनं आलं, ते शोध आधी."

ती बाटली. फॉस्फोलायपेज डी लेसिथिन कापताना त्या जागी पाणी बसवतं, पण जवळ अल्कोहोल असलं तर पाण्याऐवजी ते बसवतं आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉल तयार होतं. १९६७ पासून माहीत असलेली गोष्ट, आणि दारू पिणाऱ्याच्या रक्तातल्या लाल पेशींतही हेच घडतं, म्हणून हाच पदार्थ रक्तात तपासून मागच्या काही दिवसांतलं, अगदी आठवड्यांतलं पिणं कळतं. कोबीतलं एन्झाइम आणि माणसातलं, एकाच सवयीचं! त्या रात्री रंकाळ्यावर मित्राला मी तासभर हेच सांगत बसलो होतो.

खात्री करायला लेसिथिनमधलं इथेनॉल उडवून ते ईथरमध्ये घेतलं, तिसरा डाग गेला. मुद्दाम दोन टक्के इथेनॉल घातलं, परत आला. तीनदा केलं, तीनदा तसंच.

तोपर्यंत मी पडद्याकडं भिंत म्हणूनच बघत होतो. खरं तर पेशी त्या भिंतीचाच तुकडा तोडून निरोप पाठवते. झाडाला पाणी कमी पडलं की पानात फॉस्फॅटिडिक ॲसिड वाढतं आणि ते पर्णरंध्रं मिटायला मदत करतं. आपल्यात फॉस्फोलायपेज सी एका लिपिडचे दोन तुकडे करतं, त्यातला आयपी-थ्री आत जाऊन कॅल्शियमचा साठा उघडतं आणि दुसरा, डायअसिलग्लिसरॉल, पडद्यातच राहून प्रोटीन कायनेज सी हे दुसरं एन्झाइम जागं करतं. याची पहिली चाहूल हॉकिन या शास्त्रज्ञ दांपत्याला १९५३ मध्ये कबुतराच्या स्वादुपिंडात लागली, ॲसिटिलकोलीन दिलं की फॉस्फोलिपिडात रेडिओॲक्टिव्ह फॉस्फरस भराभर शिरत होता. हे वाचताना आता डोळ्यापुढं प्लेट येते.

कुणी हे करणार असेल तर फॉस्फेट बफर आणि ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) दोन्ही लांब ठेवा, ईथर उघडा असताना बर्नर पेटवू नका, आणि प्लेट बरणीतनं काढल्या काढल्या डागांभोवती पेन्सिलनं गोल करा, आयोडीन उडून जातं. माझ्या पहिल्या प्लेटवर आता नुसते गोल उरलेत, फाइलला लावलेली आहे.