इंदूरला कुठले आलेत मासे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर पुण्याकडचे पाहुणे लग्नामुंजीत हेच विचारतात, की अगं इंदूरला ना समुद्र ना धड नदी (खान नदीचं बोलायलाच नको), मग तू माशांची सायंटिस्ट कशी काय झालीस?

मी म्हणते, नळ सोडा. १९७८ पासून आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतंय, नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, घाट चढवून. म्हणजे माझा मासा ज्या नदीत राहतो तिचंच पाणी तुमच्या वरणात.

माझा मासा म्हणजे महाशीर, आपल्याकडचे केवट (नदीवरचे नावाडी-मासेमार) त्याला बाडस म्हणतात. २०११ मधे मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा मासा केलं, पण तोवर नर्मदेत तो शोधावा लागत होता. त्याचे नखरे फार हो, पाणी वाहतं पाहिजे, स्वच्छ पाहिजे, तळाला गोटे पाहिजेत, पावसाळ्यात धारेच्या उलट वर जाणार आणि अंडी घालणार तीही थोडी थोडी, रोहू-कतल्यासारखी एकदम लाखांनी नाही. इंदिरा सागर धरण झालं, ओंकारेश्वरचं झालं, नदीचे तलाव झाले, वर जायची वाट बंद आणि गोट्यांवर गाळ. आता घालणार कुठे?

म्हणून हॅचरी. मादीचं पोट हलकं दाबून अंडी घ्यायची, नराचं वीर्य मिसळायचं, मग तीन-चार दिवस ट्रेमधून सतत वाहतं पाणी. माझ्या पहिल्याच सीझनला रात्री लाइट गेली, जनरेटरमधे डिझेल नाही (कोणाची जबाबदारी ते जाऊ दे), पाणी थांबलं आणि सकाळी बघते तर पिवळसर अंडी पांढरीफट्ट, न भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. मेलेल्या अंड्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यालाही खाते, म्हणून ड्रॉपरने एकेक वेचायचं. संध्याकाळपर्यंत वेचत बसले, मान धरली, वाचली ती मूठभर.

बाकी करियर म्हणाल तर प्रोजेक्टची नोकरी, दर मार्चला पुढच्या वर्षाची धाकधूक, आणि पहाटे घाटावर जाऊन केवटांच्या जाळ्यातला बाडस मोजायचा, एक खवला काढून त्याला परत सोडायचं. खवल्यावरची वलयं मोजली की वय कळतं. हे मात्र मला अजूनही भारी आवडतं, मोठा मासा मिळाला की घरी फोन करते, आई म्हणते बरं, जेवलीस का?

पुढचा प्रश्न माहितीये मला. हो, मासे खाते, महाशीर सोडून. सराफ्यातली (आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातली) साबुदाणा खिचडी तेवढी जात नाही.