तुम्ही विचारलंत म्हणून: आरांग, ताई आणि मी

"शिकलेली बाई तू, आणि कोरियन भुताच्या गोष्टी वाचून बहिणीशी बोलायला लागलीस म्हणे?" कुठल्याही लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. कोरियन दुभाषी आहे, कामाचा भाग आहे, असं सांगून मी सुटते. ते खोटं आहे. माझं काम यंत्रांच्या सुट्या भागांचं. त्यात भुतं नसतात.

आरांगची भूतकथा दक्षिण कोरियातल्या मिर्यांग गावची. तिथे नदीकाठी यंगनामनू नावाची जुनी माडी आहे, खालच्या अंगाला आरांगचं ठाणं. ती चोसन राजवटीच्या काळातल्या तिथल्या अधिकाऱ्याची मुलगी. दाईने फितूर होऊन तिला चांदण्यात बाहेर काढलं, कचेरीतल्या नोकराने मारून टाकलं. बापाला वाटलं, पळून गेली. तो लाजेने गाव सोडून गेला. पुढे जो अधिकारी येई, तो पहिल्याच रात्री मरे. आरांग मारत नव्हती. ती गाऱ्हाणं घेऊन यायची, हे भीतीने मरायचे. शेवटी एक जण घाबरला नाही. तुझं काय म्हणणं आहे, असं त्याने विचारलं आणि तिला न्याय दिला. असं गाऱ्हाणं उरलेल्या भुताला तिकडे 'वोन्ग्वी' म्हणतात. चोल्सान या दुसऱ्या कोरियन गावच्या दोघी बहिणींच्या भूतकथेचाही सांगाडा हाच.

आता आमचं. आई गेल्यावर तिच्या पाटल्या सापडल्या नाहीत. मावशी म्हणाली, "शेवटी जवळ कोण होतं?" तेवढं मला पुरलं. ताईला मी एका शब्दाने विचारलं नाही. वर्षश्राद्धाला ती आली, पंगती उठेपर्यंत वाढत राहिली आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हात ओलेच होते. म्हणाली, "तुला मला काही विचारायचंय का?"

मी म्हटलं, "जेवून जा."

ती न जेवता गेली. पुढची सहा वर्षं नुसते दिवाळीचे मेसेज.

आरांग वाचली त्या रात्री मी फोन केला आणि म्हटलं, "बोल, मी ऐकतेय." चाळीस मिनिटं ती बोलली. पाटल्यांचा उल्लेखही नाही. आईला कुशीवर वळवणं, चादरी, आणि मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दिलेले सल्ले. मला मात्र मधेच पाटल्यांचं विचारावंसं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

याला थेरपी म्हणू नका. समुपदेशकाकडे मी आधी तीनदा गेले होते. तिथेही पाटल्यांवरच बोलले. सुरुवातीला मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे, की मी तो न घाबरलेला अधिकारी झाले. कसला अधिकारी! तो परका होता, त्याच्या अंगाला काही चिकटलेलं नव्हतं. गोष्टीत माझी जागा बापाची आहे: न विचारता मुलगी पळाली असं धरून चालणाऱ्याची. आणि न्याय झाल्यावर त्या बापाचं काय झालं, हे मी वाचलेल्या रूपात कुणी सांगत नाही.

ताई आता महिन्यातून दोनदा फोन करते. पाटल्यांचं मी अजून विचारलेलं नाही. विचारावं की नाही, यावर माझंच माझ्याशी पटत नाही.