फ्रीझिया उष्ण हवेत: कंदाला ऊब, मातीला गारवा

फ्रीझिया म्हणजे कंदापासून उगवणारं सुवासिक फुलझाड. त्याचे सुटे कंद फ्रीजमध्ये ठेवू नका. ट्यूलिपसाठी दिलेला गारव्याचा सल्ला फ्रीझियालाही लावला जातो आणि तिथेच हंगाम वाया जातो. हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो, म्हणून कंद तापलेल्या मातीत झोपतो. ती झोप नीट पुरी व्हायला साधारण ३० अंश सेल्सिअसची कोरडी ऊब १० ते १३ आठवडे मिळावी लागते. गारव्यात साठवलेला कंद अनेकदा कोंबच काढत नाही. मातीखाली जुन्या कंदावर नवा कंद धरतो आणि वर काहीच दिसत नाही. म्हणजे इथपर्यंत उष्ण हवामान तर आपल्या बाजूचंच आहे.

अडचण येते ती उगवल्यानंतर. तीन-चार पानं दिसू लागली की फुलाचा दांडा आत घडायला लागतो. तेव्हापासून ६ ते ९ आठवडे मुळांजवळची माती १२ ते १५ अंशांच्या आसपास हवी. हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं, हे फार कमी जण लक्षात घेतात. दुपारी हवा २४-२५ अंशांवर गेली तरी चालतं, कुंडी तापली की बिघडतं. माती सतत गरम राहिली तर नुसती पानं वाढतात; दांडा घडत असताना मध्येच तापली तर फुलं दांड्यावर दूर दूर, विस्कळीत येतात.

म्हणून काळी प्लॅस्टिकची कुंडी नको. न रंगवलेली मातीची कुंडी घ्या, तिच्या भिंतीतून पाणी उडत राहतं आणि माती थंड होते. ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली तर आणखी चांगलं. वर दोन बोटं पालापाचोळा, सकाळचं ऊन, दुपारी सावली.

लागवड रात्री गार होऊ लागल्यावरच करा, कारण उष्ण आणि ओल्या मातीत कंद बुरशीने सडतो. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत ६ कंद, टोक वर, ५ सेंटिमीटर खोल. दोन भाग बागेची माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेलं पानखत. परलाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे खडे) आणि सुपर फॉस्फेट खत टाळा: दोन्हींत फ्लोराइड असू शकतं आणि त्याने पानांची टोकं करपतात. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. दांडे लवचीक असतात, काड्या आणि सुतळीचा आधार आधीच द्या.

मावा आणि फुलकिडे लवकर आवरा. मावा विषाणू पसरवतो. पानांवर चट्टे आणि फुलांत रंगाच्या रेघा दिसल्या तर ते झाड कंदासकट काढून टाकलेलं बरं, त्याला उपचार नाही.

सुवास हवा असेल तर नुसत्या रंगावर जाऊ नका, जात विचारून घ्या. वास जातीनुसार कमी-जास्त असतो.

फुलं सरल्यावर पानं कापू नका, पुढचा कंद त्यांच्यावरच पोसतो. ती पिवळी पडली की पाणी बंद करा, वाळल्यावर कंद काढा, जाळीच्या पिशवीत हवेशीर, कोरड्या, उबदार जागी टांगा. बाजूची बारीक पिल्लं वेगळी लावा. ती बहुधा पुढच्या किंवा त्यानंतरच्या हंगामात फुलतात.