ग्रंथपाल वर्गावर काय शिकवतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नव्याने रुजू झालेले प्राध्यापक हे विचारतात, बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, प्रवेश घेतलेली मुलं विचारतात, लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक तर हमखास विचारतात: "तुम्ही लायब्ररीत ना? मग तास कसले घेता? आणि वेबसाइटचं काम तुमच्याकडे कसं काय?"

माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. तास आणि वेबसाइट, ही दोन्ही कामं संदर्भ विभागाच्या टेबलावरून निघतात, जिथे वाचक आपले प्रश्न घेऊन येतात. म्हणून आधी त्या टेबलाबद्दल सांगते.

एम.ए.चा विद्यार्थी येतो आणि म्हणतो, "मॅडम, १९७२च्या दुष्काळावर पुस्तक आहे का?" आहे म्हणून मांडणीपाशी नेलं तर दोन-तीन पुस्तकं घेऊन तो जाईल आणि दोन दिवसांनी ती तशीच परत करील. म्हणून त्याला समोर बसवायचं. कशासाठी हवंय? प्रबंधिकेसाठी. कुठला भाग? आमचाच तालुका. त्यातलं काय? मग हळूहळू बाहेर येतं: आजी खडी फोडायला जायची, तो रस्ता आजही गावाबाहेर आहे, आणि त्या कामांचं पुढे काय झालं ते त्याला शोधायचंय. म्हणजे त्याला हवी आहे रोजगार हमी, आणि तीसुद्धा आपल्या तालुक्यापुरती. आता खरं काम सुरू होतं. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ला. त्याआधीची कामं सरकारी ठराव आणि दुष्काळी कामांच्या अहवालांत शोधावी लागतात. गावांची लोकसंख्या आणि शेतमजुरांचे आकडे १९७१ आणि १९८१च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत. जिल्ह्याची पार्श्वभूमी गॅझेटिअरमध्ये, त्या काळातली चर्चा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या जुन्या अंकांत. आणि आजीच्या वयाच्या बायका अजून गावात आहेत, त्यांच्याकडे त्याने स्वतः जायचं. ते कुठल्याच कपाटात मिळणार नाही, हेही मीच सांगायला हवं.

हे एकाला सांगितलं की दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्यालाही तेच सांगावं लागतं. तिथे तास सुरू होतो. विभागप्रमुखांना विचारून मी त्यांच्या वर्गावर जाते आणि मुलांना त्यांच्याच विषयातला एक प्रश्न फोडायला लावते. शब्द कोणते, त्यांना पर्यायी शब्द कोणते, कुठल्या साधनात काय मिळतं, मिळालेलं कुणी लिहिलंय आणि कशाच्या आधारावर. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालालाही साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते आणि वेतनस्तरही सहायक प्राध्यापकाचाच, म्हणजे १०. तरीही आमचा तास हा वेळापत्रकातली मोकळी जागा भरण्यासाठी दिलेला, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. मला ती अजिबात मान्य नाही. डॉ. रंगनाथन स्वतः गणिताचे शिक्षक होते, १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आपल्याकडे या व्यवसायाचा पायाच एका शिक्षकाने घातला आहे.

अलीकडे तासाला एक नवा विषय आला आहे. विद्यार्थी संदर्भांची यादी घेऊन येतात, लेखकाचं नाव, नियतकालिक, खंड, अंक, पानं, सगळं नीटनेटकं. अंक काढून बघावा तर त्या पानांवर दुसराच लेख. कधी नियतकालिक खरं असतं, लेखकही खरा असतो, फक्त तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नसतो. यादी चॅटजीपीटीसारख्या साधनाने जुळवून दिलेली असते. मुलांना ओरडून काही होत नाही. मी वर्गातच अशी यादी घेते आणि एकेक नोंद सगळ्यांच्या देखत तपासायला लावते. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर जा, अनुक्रमणिका उघडा, पान बघा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या विषयावरचे प्रबंध उघडा आणि त्यांच्या संदर्भसूचीत तो लेख आहे का पाहा. तासाच्या शेवटी मुलं एकमेकांच्या याद्या तपासू लागतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

आता वेबसाइट. ग्रंथालयाचा कॅटलॉग, म्हणजे पुस्तकांची सूची, आता 'कोहा'सारख्या संगणक प्रणालीवर असतो आणि मुलं तो मोबाइलवर बघतात. टेबलावर येऊन "ते पुस्तक तुमच्याकडे नाही" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, काय टाइप केलंस? त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५चं 'गांव-गाडा' घ्या. खेड्यावर काम करणाऱ्या कुणालाही ते लागतंच. विद्यार्थी आजच्या लेखनाप्रमाणे 'गावगाडा' असं एका शब्दात लिहितो. नोंद जुन्या आवृत्तीवरून केलेली असेल तर तिथे अनुस्वार आहे आणि मधे छोटी रेघ. संगणकाला हे दोन वेगळे शब्द. पुस्तक कपाटात आणि पडद्यावर 'काहीही सापडले नाही'. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले, 'कवि'चा 'कवी' झाला. त्याआधीचं मराठी पुस्तकांचं सगळं धन या फटीत अडकतं. 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हा रंगनाथनांच्या १९३१ सालच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला तिसरा नियम अशा वेळी एका अनुस्वारापाशी अडतो.

उपाय आहे, फक्त चिकाटी लागते. 'मार्क' या संगणकीय नोंदपद्धतीत शीर्षकाच्या इतर रूपांसाठी २४६ क्रमांकाचा रकाना असतो. मूळ शीर्षक पुस्तकावर आहे तसंच ठेवायचं आणि तिथे आजचं रूप भरायचं: गावगाडा, आणि सुटं करून गाव गाडा. टेबलावर अडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहून ठेवायचा आणि सवड मिळाली की नोंदी दुरुस्त करायच्या. वेबसाइटचं काम एखाद्या बाहेरच्या कंपनीकडे पूर्णपणे सोपवावं असं अनेकांना वाटतं. पानांची सजावट त्यांनी जरूर करावी. पण विद्यार्थ्याने काय टाइप केलं आणि तो कुठे अडला, हे टेबलावर बसणाऱ्यालाच कळतं.

बाकी सभासदांना एन-लिस्ट या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या सेवेचे लॉगिन देणं, पासवर्ड विसरलेल्यांना पुन्हा देणं, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकचे तक्ते भरणं, हे सगळं असतंच. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

बी.लिब.ची मुलं पुढे विचारतात, आधी काय शिकू, प्रोग्रॅमिंग की वर्गीकरण? दोन्ही शिका. पण जिथे इंटर्नशिपला जाल तिथे संदर्भाच्या टेबलावर बसायला मागा, आणि वाचकाने पहिल्यांदा विचारलेला प्रश्न आणि बोलून झाल्यावर निघालेला प्रश्न, दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा. तुमचे तास कशावर घ्यायचे आणि कॅटलॉगमध्ये काय दुरुस्त करायचं, हे त्या दोन रकान्यांतूनच निघेल. त्या दुष्काळवाल्या विद्यार्थ्यासाठी केलेली साधनांची यादी आता मी संकेतस्थळावर घालते आहे. तालुका बदलला तरी तीच वाट उपयोगी पडेल, अशा बेताने ती लिहून काढते आहे.