मेल्यावरच्या वहाणा आणि गाणाऱ्यांची नावं

इकडं इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये एक लई जुनं गाणं आहे, माणूस गेल्यावर रात्रभर प्रेताजवळ बसून म्हणायचं. त्यात जीवाला सांगतात की बाबा आता तुला काटेरी माळ तुडवत जायचंय, जिवंतपणी कुणाला वहाणा दिल्या असशील तर इथं बस आणि त्या पायात घाल, दिल्या नसशील तर काटे हाडापर्यंत जातील. पुढं एक भीतीचा पूल लागतो, त्याच्या पुढं आग.

आता हे ऐकून अंबाजोगाईच्या पोरीला काय वाटेल सांगा. आमच्या आज्जीच्या तेराव्याला पाटावर कोऱ्या वहाणा, छत्री, काठी आणि तांब्या मांडलेला मी बघितलाय, वहाणांना खाली दुकानाचा नंबराचा स्टिकर तसाच होता आणि आत्या तो नखानं खरवडून काढत होती, आईला टोचेल म्हणे. वैतरणीचं आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. पण हेच सगळं इथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीसुद्धा गायलंय हे मला लीड्समध्ये इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन गाणं परत पहिल्यापासून लावलं.

गाण्याचं नाव 'लाइक वेक डर्ज'. जॉन ऑब्री नावाच्या माणसानं 1686 मध्ये ते कागदावर उतरवलं, आणि पेंटँगल या बँडनं 1969 च्या अल्बममध्ये घेतलं. मला ते मिळालं 'गॅदर इन द मशरूम्स' नावाच्या सीडीत, कामावरच्या एका बाईनं दिली, तुला लोकसंगीत आवडतं ना म्हणून. 1968 ते 1974 या काळातल्या ब्रिटिश सायकेडेलिक फोकची, म्हणजे नशेत, स्वप्नात असल्यासारख्या वाटणाऱ्या लोकसंगीताची गाणी बॉब स्टॅनली या संगीतकारानं शोधून 2004 मध्ये एकत्र केलीत. जुन्या चाली, जुनी गाणी, आणि त्यावर त्या काळातल्या पोरांची गिटार, बासरी, व्हायोलिन, सगळं धुक्यातून आल्यासारखं. काही गाणी मला अजिबात झेपली नाहीत. पण हे एक डोक्यातून जाईना.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागं तेच चालू होतं. आईला इंग्रजीचा गंध नाही. दोन मिनिटं गप्प ऐकलं आणि म्हणाली, "काय ऐकायलीस गं हे? कुणाच्या मयतीचं वाटायलंय." मी तिला वहाणांचं सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही, म्हणाली, "मग? तिकडचे लोक काय अनवाणी जातेत का वर?"

पण मला खरं बोलायचंय ते या लोकांच्या लिहून ठेवण्याबद्दल. सीडीबरोबर एक पुस्तिका आहे आणि ती मी गाण्यांपेक्षा जास्त वेळा वाचली. या संगीतातले कितीतरी बँड चाललेच नाहीत, एक रेकॉर्ड काढली, विकली गेली नाही, पोरं आपापल्या नोकरीला लागली. तरी तीस वर्षांनी कुणीतरी जाऊन शोधतं की हे कोण होते, कुठले होते, कोणत्या साली गायले. व्हॅष्टी बन्यन ही गायिका याच पिढीतली. 1968 मध्ये घोडागाडी घेऊन लंडनहून थेट स्कॉटलंडच्या बेटांकडं निघाली, त्या वाटेवर गाणी लिहिली, 1970 मध्ये अल्बम आला आणि कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं गाणं सोडून दिलं. 2000 मध्ये तो अल्बम परत काढला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला, आणि 2005 मध्ये तिचा दुसरा आला. पस्तीस वर्षांनी! एका न चाललेल्या रेकॉर्डची एवढी आठवण ठेवणारी माणसं असतात याचं मला फार म्हणजे फार कौतुक वाटतं.

आणि तिथंच मला राग पण येतो. घोडागाडीच्या एका प्रवासाचं एवढं, आणि आमच्याकडं पैठणहून नाथांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते, वाटभर गाणं असतं, त्यांच्यात कितीतरी आवाज या सीडीतल्या आवाजांच्या तोडीस तोड आहेत, त्यांची पुस्तिका कोण काढणार? नशा म्हणाल तर एलएसडी या नशेच्या औषधावर, ज्याला इकडं 'ॲसिड' म्हणतात, इथं 1966 मध्ये बंदी आली पण या संगीताला 'ॲसिड फोक' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या आराधी बायकांना तुळजापूरच्या वाटेवर कवड्यांची माळ आणि संबळ एवढं पुरतं. सीडी देणाऱ्या त्या बाईनं विचारलं की तुमच्याकडं असं जुनं संगीत जपलंय का, तर मी जरा तोऱ्यातच सांगितलं की जपायला ते मेलंय कुठं, लग्न झालं की अजून घरोघरी गोंधळ घालतात.

तोरा खोटा नव्हता. आपल्याकडं काहीच नोंद नाही असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या संशोधकांमुळं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, बाईचं नाव, गावाचं नाव सकट, त्यात आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत, नक्की ऐका. परभणीच्या राजारामबापू कदमांचं नाव गोंधळात कोण विसरेल. पण आमच्या घरी येणारे गोंधळी? कमरेला संबळ, हातात एक काडी सरळ आणि एक टोकाला वाकडी, पहाटेपर्यंत तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई सगळीकडच्या देवींना हाका मारून बोलावणारे. बिदागी, शिधा सगळं रीतसर दिलं, पण त्यांना आम्ही नुसतं 'गोंधळी' म्हणायचो. गावाकडं राहिले असते तर त्यांची नावं काय हे मी विचारलंही नसतं, लांब आल्यावरच विचारायला सुचतं, त्यामुळं परदेशात जाऊन आपलं विसरली असं कुणी मला म्हणू नये.

येत्या लग्नसराईत चुलतभावाचं लग्न आहे. त्याला सांगून ठेवलंय की गोंधळाला फोन उभा करून पूर्ण रात्र रेकॉर्ड कर, चार्जर जवळ ठेव, रील्ससाठी अर्ध्यात कापू नको, आणि सुरू करायच्या आधी प्रत्येकाची परवानगी घेऊन नाव, गाव आणि कुणाकडून शिकले ते त्यांच्याच तोंडून बोलून घे. तुमच्या घरी गोंधळ असेल तर तुम्हीही हे करा, मला पाठवा, मी सगळं एकत्र लावते. आणि तेवढी रात्र डीजे नको.